फ्रोसोन बेट: शिलालेखापासून संगीतकाराच्या घरापर्यंत, क्रमाने कसे पाहावे

स्वीडनच्या उत्तर भागातील येम्टलँड प्रांतात स्टूरशोन नावाचे एक विस्तीर्ण गोड्या पाण्याचे सरोवर आहे. आकाराने ते देशात पाचवे असून, त्याच्या पूर्वेकडील भागात सुमारे ४० चौरस किलोमीटरचे फ्रोसोन बेट आहे. बेटासमोरच्या काठावर ओस्टरसुंड हे शहर वसले आहे. शहराच्या नावाचा अर्थच 'पूर्वेकडची चिंचोळी पाणवाट' असा होतो. म्हणजे पूर्व ही दिशा शहराने बेटाकडे पाहून ठरवलेली आहे. हे स्वाभाविकही आहे, कारण ओस्टरसुंडची स्थापना राजा गुस्ताव तिसरा याने १७८६ मध्ये केली, तर त्याआधी किमान आठ शतके या प्रांताचे देवस्थान, सभास्थान आणि बाजारपेठ फ्रोसोनवरच होती.

आजचा प्रवासी मात्र हा क्रम उलटा करतो. या भागाचा विमानतळ बेटावरच असल्याने तो फ्रोसोनवर उतरतो, तिथून थेट शहरात किंवा ओरे येथील स्कीच्या उतारांवर जातो आणि आपण कुठे उतरलो होतो हे त्याला परतीच्या विमानात बसेपर्यंत कळत नाही. बेटासाठी दीड-दोन दिवस वेगळे काढावेत आणि तेथील स्थळे काळाच्या क्रमाने पाहावीत, अशी या लेखाची शिफारस आहे. इथले प्रत्येक स्थळ बाह्यतः साधे आहे. दगड, झाडाचा बुंधा, लाकडी घर अशा या वस्तू एकमेकींच्या संदर्भातच उलगडतात.

ऋतूची निवड

फ्रोसोन ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सहलीचे स्वरूप महिन्यावर अवलंबून राहते. जूनच्या मध्यास सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि तीन वाजण्यापूर्वी पुन्हा उगवतो. मधल्या वेळेतही पूर्ण अंधार होत नाही. डिसेंबरच्या अखेरीस याउलट जेमतेम पाच तासांचा दिवस मिळतो. इतिहास आणि निसर्ग दोन्ही पाहायचे असल्यास मध्य जून ते मध्य ऑगस्ट हा काळ उत्तम होय, कारण संगीतकाराचे घर आणि सरोवरातील बोटी यांचा हंगाम उन्हाळ्यापुरताच असतो. जुलैतही तापमान सहसा पंधरा-वीस अंशांच्या आसपास राहते आणि संध्याकाळी वारा सुटतो. म्हणून एक स्वेटर, पावसाचे जाकीट आणि डासांसाठी मलम सोबत हवेच. सप्टेंबरमध्ये बर्चची पाने पिवळी होतात आणि गर्दी संपते, परंतु अनेक ठिकाणे तोवर बंद झालेली असतात.

पोहोचण्याची तयारी

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि उन्हाळ्यापूर्वी अर्जांची गर्दी होत असल्याने तो काही महिने आधीच करावा. स्टॉकहोमहून ओस्टरसुंडला रेल्वेने साधारण पाच-सहा तास लागतात, विमानाने सुमारे एक तास. स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पाहुणे आल्यावर दोन रात्रींची सहल म्हणून हा बेत सहज जमण्यासारखा आहे. रेल्वेची तिकिटे आधी काढल्यास बरीच स्वस्त पडतात. स्वतःची गाडी असल्यास सुंड्सवालहून पश्चिमेकडे जाणारा ई-१४ महामार्ग ओस्टरसुंडवरून पुढे नॉर्वेतील ट्रोंडहाइमपर्यंत जातो.

मुक्काम शहरात रेल्वे स्थानकाजवळ करणे सोयीचे, कारण तेथून पूल ओलांडून चालतही बेटावर जाता येते. शहर बस बेटावर फिरते, मात्र शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. सायकल भाड्याने मिळाली तर उत्तमच, परंतु बेट सपाट नाही आणि मधला चढ दमवणारा आहे याची कल्पना असावी. स्वीडनमध्ये रोख पैसे घेणारी दुकाने आता थोडीच उरली असल्याने चालणारे कार्ड खिशात असणे नोटांपेक्षा महत्त्वाचे ठरते.

पहिला टप्पा: पुलाजवळचा शिलालेख

शहरातून पूल ओलांडताच, पलीकडच्या बाजूला, रून या स्कँडिनेव्हियातील जुन्या लिपीतील लेख कोरलेला एक उभा दगड आहे. मूळ जागा पाण्याच्या आणखी जवळ होती. नव्या पुलाच्या कामाच्या वेळी तो हलवण्यात आला. अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा हा लेख स्वीडनमधील सर्वांत उत्तरेकडील रूनशिला मानला जातो. सर्पाकृती पट्ट्यात कोरलेल्या मजकुराचा आशय असा: गुडफास्टचा पुत्र ओस्टमान याने हा दगड उभा करवला, हा पूल करवला आणि येम्टलँडला ख्रिस्ती करवले, आस्ब्योर्न याने पूल बांधला, त्रियोन आणि स्टेन यांनी या रून कोरल्या.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. श्रवणबेळगोळच्या 'श्रीचावुण्डराजें करवियलें' या ओळीत जे प्रयोजक क्रियापद आहे, तोच व्याकरणाचा डौल या उत्तरेकडील दगडावरही आहे. कर्ता स्वतः काही करत नाही, तो करवतो. फरक असा की फ्रोसोनच्या लेखात करवणाऱ्याबरोबर प्रत्यक्ष पूल बांधणारा आणि अक्षरे कोरणारे यांचीही नावे नोंदवलेली आहेत. शिवाय एका संपूर्ण प्रांताच्या धर्मांतराचा उल्लेख करणारी अशी दुसरी रूनशिला स्वीडनमध्ये नाही. पूल आणि धर्म एकाच दमात सांगितले आहेत, आणि ते अकारण नाही: त्या काळी स्कँडिनेव्हियात पूल बांधणे हे आत्म्याच्या कल्याणासाठी केलेले पुण्यकर्म समजले जाई.

याच दगडाला एक लोककथाही चिकटलेली आहे. १६३५ मध्ये मोगेन्स पेडर्सन याने लिहून ठेवलेल्या कथेनुसार याटा आणि काटा नावाचे दोन ट्रोल, म्हणजे तिकडच्या कथांमधले राक्षस, सरोवराच्या काठी कढईत वर्षानुवर्षे काहीतरी उकळत बसले होते. अखेर त्या कढईतून काळ्या सर्पाच्या देहाचा आणि मांजरासारख्या डोक्याचा प्राणी बाहेर पडून पाण्यात शिरला. तो इतका वाढला की संपूर्ण बेटाला वेढा घालून स्वतःचे शेपूट तोंडात धरू लागला. पुढे केटिल रुन्स्के नावाच्या मांत्रिकाने रून कोरून त्याला दगडाशी बांधून टाकले. दगडावरचा सर्पाकार पट्टा पाहून ही कथा कशी रचली गेली असेल, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

गंमत अशी की हा प्राणी पुढे कागदोपत्रीही अवतरला. १८९४ मध्ये त्याला पकडण्यासाठी राजा ऑस्कर दुसरा याच्या पाठबळाने एक कंपनीच काढण्यात आली आणि मोठाला सापळा तयार झाला. १९८६ मध्ये प्रांताच्या प्रशासनाने त्याला व त्याच्या संभाव्य घरट्याला कायदेशीर संरक्षण दिले, आणि २००५ मध्ये ते अधिकृतपणे मागेही घेतले.

दुसरा टप्पा: टेकड्या

दगडापासून बेटाच्या मध्यभागाकडे चढ सुरू होतो. ओस्टबेर्येट हा सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून ४६८ मीटरवर आहे, तर सरोवराची पातळीच सुमारे २९२ मीटर असल्याने प्रत्यक्ष चढ पावणेदोनशे मीटरच्या आसपासचा. गाडीनेही वर जाता येते, तरी जंगलातून जाणाऱ्या पायवाटेने चढणे अधिक चांगले. वरून संपूर्ण भूगोल एका नजरेत कळतो. पूर्वेला शहर, भोवती सरोवराचे फाटे आणि पश्चिमेला नॉर्वेच्या सीमेकडे जाणारी पर्वतरांग दिसते. हवा ढगाळ असल्यास हा टप्पा सरळ पुढे ढकलावा. धुक्यात इथे पाहण्यासारखे काही नाही.

इतिहासात रस असणाऱ्यांनी बेटावरील म्येलेबोर्गेन या जुन्या गढीचे अवशेषही शोधावेत. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील ही गढी येम्टलँडमध्ये ज्ञात असलेली एकमेव आहे. दगडमातीच्या ढासळलेल्या तटांपलीकडे तेथे फारसे काही उरलेले नाही, आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते निराशाजनक वाटण्याची शक्यता आहे. परंतु लोखंड आणि कातडी यांचा व्यापार ज्या वाटांनी चाले त्यांवर नजर ठेवणारी सत्ता इथे शिलालेखाच्या कितीतरी आधी नांदत होती, एवढे त्यावरून कळते.

तिसरा टप्पा: होव्ह येथील चर्च

सहलीचा गाभा हाच असून त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. फ्रोसोनचे चर्च शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम भागात आहे. बसने जाता येते. दगडी चर्चचा सर्वांत जुना भाग मध्ययुगीन असून शेजारचा लाकडी घंटामनोरा १७५४ चा आहे. चर्चच्या अंगणातून सरोवर आणि पलीकडच्या ओविक पर्वतांचे जे दृश्य दिसते, त्यासाठी संपूर्ण देशातून जोडपी इथे लग्न करायला येतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी आत लग्न चालू असणे जवळजवळ ठरलेलेच, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

दृश्याइतकेच पायाखालची जमीनही महत्त्वाची आहे. या जागेचे नाव होव्ह, आणि जुन्या नॉर्स भाषेत हा शब्द ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या धर्माच्या पूजास्थळासाठी वापरला जाई. बेटाचे नावही फ्रेय या सुपीकतेच्या देवावरून आले आहे: फ्रोसोन म्हणजे फ्रेयचे बेट. सरोवरातील शेजारच्या नूर्डेरोन या बेटाचे नाव त्याच्या पित्याशी, न्योर्ड या देवाशी जोडले जाते. केवळ नावांवरून काढलेला हा तर्क १९८४ मध्ये उत्खननाने पक्का केला. चर्चमधील वेदीच्या खाली पुरातत्त्वज्ञांना बर्च वृक्षाचा कुजलेला बुंधा सापडला आणि त्याच्या मुळांभोवती प्राण्यांच्या हाडांचा खच आढळला. त्यात डुकरे, शेळ्या-मेंढ्या, गाई, हरणे आणि मूस (उत्तरेकडचे मोठे हरीण) यांची हाडे होती. पण सर्वांत लक्षवेधी होती ती किमान पाच अस्वलांची हाडे, कवट्यांसह. हाडे दहाव्या शतकाच्या आसपासची आहेत. बळी दिलेले प्राणी पवित्र वृक्षाला टांगत किंवा त्याच्या पायथ्याशी ठेवत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

म्हणजे झाड तोडले गेले आणि नेमक्या त्याच बिंदूवर नव्या धर्माची वेदी उभी राहिली. पुलाजवळच्या दगडावर ओस्टमानने 'येम्टलँडला ख्रिस्ती करवले' असे जे एका ओळीत कोरून ठेवले, ती ओळ प्रत्यक्षात कशी घडली असेल, हे या बुंध्याकडे पाहून कळते. म्हणूनच दगड आधी आणि चर्च नंतर, हा क्रम सोडू नये. आपल्याकडे जुन्या देवराईच्या जागी नंतरचे देऊळ उभे राहिल्याची उदाहरणे पाहिलेल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. फक्त येथे पुरावा थेट गाभाऱ्याखालून बाहेर आला.

चर्चच्या परिसरात असतानाच बेटाचा राजकीय इतिहासही समजून घ्यावा. येम्टलँडची स्वतःची सभा, यामटामोट, मार्च महिन्यात संत ग्रेगरीच्या सणाच्या सुमारास फ्रोसोनवर भरे, आणि तिच्याबरोबरच बाजारही. मार्चच का, याचे उत्तर हवामानात आहे: सरोवर आणि दलदली गोठलेल्या असल्याने घसरगाड्यांवरून माल आणि माणसे सर्वांत सहज याच दिवसांत पोहोचत. ११७८ मध्ये नॉर्वेचा राजा स्वेरे याने याच सरोवराच्या बर्फावर येम्टलँडच्या लोकांचा पराभव केला आणि प्रांत नॉर्वेच्या ताब्यात गेला. पुढे नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे आले, आणि १६४५ च्या ब्रोम्सेब्रो तहाने येम्टलँड स्वीडनला मिळाले. इथल्या लोकांच्या बोलीत आणि स्वभावात स्टॉकहोमपेक्षा ट्रोंडहाइमशी जवळीक आढळते, त्यामागे हा सुमारे साडेचार शतकांचा वारसा आहे.

चौथा टप्पा: सोमारहागेन

चर्चपासून जवळच्याच उतारावर विल्हेल्म पेटर्सन-बेर्गर (१८६७–१९४२) या संगीतकाराचे घर आहे. स्टॉकहोममध्ये तो वृत्तपत्रातील जहाल संगीतसमीक्षक म्हणून ओळखला जाई, आणि त्याच्या लेखणीने दुखावलेल्यांची संख्या मोठी होती. येम्टलँडशी त्याचे नाते मात्र तरुणपणीच जुळले. त्याने पियानोसाठी लिहिलेल्या छोट्या रचनांचे 'फ्रोसोनची फुले' या अर्थाच्या नावाचे तीन संग्रह १८९६, १९०० आणि १९१४ मध्ये निघाले, आणि पियानो असलेल्या असंख्य स्वीडिश घरांत ते वाजवले गेले. पहिल्या संग्रहातील एका रचनेचे नावच 'फ्रोसोनच्या चर्चपाशी' असे आहे. जायच्या आधी ती ऐकून जावी. चार-पाच मिनिटांचे काम आहे, आणि अंगणात उभे राहिल्यावर तिचा उपयोग होतो.

१९१० मध्ये त्याने ही जमीन घेतली, १९१४ पर्यंत घर पूर्ण झाले, आणि १९३० पासून तो येथे कायमचा राहू लागला. बाहेरून ते लाकडी ग्रामीण घरासारखे दिसते, पण आतील संगीतकक्ष रंगीत चित्रांनी सजवलेला आहे. त्याचे वाद्य, पुस्तके आणि सामान जागच्या जागी आहे. उन्हाळ्यात मार्गदर्शकासह घर पाहता येते. वेळा दरवर्षी बदलत असल्याने जाण्यापूर्वी त्या तपासाव्यात. संगीतकाराची समाधी चर्चच्या दफनभूमीतच आहे.

त्याच्या 'अर्नल्योट' या संगीतनाटकाचा नायक येम्टलँडचाच: जुन्या गाथांतील हा बंडखोर १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत नॉर्वेचा राजा ओलाव्ह याच्या बाजूने लढताना मारला गेला, असे त्या सांगतात. स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात १९१० मध्ये ते प्रथम सादर झाले. १९३५ पासून फ्रोसोनवर उघड्या मैदानात त्याचे गद्य नाट्यरूप स्थानिक मंडळी सादर करत आली आहेत. प्रयोग तुमच्या तारखांना असल्यास अंगावर घोंगडी घेऊन जावे. भाषा कळली नाही तरी मागे सरोवर आहे.

निसर्ग: फुले, पक्षी आणि जंगल

उत्तर स्वीडनचा बराचसा भाग आम्लधर्मी माती आणि सूचिपर्णी जंगल यांचा आहे. स्टूरशोनच्या भोवती मात्र चुनखडीयुक्त खडक आहे, त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही जमीन सुपीक आहे आणि शेती जुनी आहे. फ्रेय हा पिकांचा देव इथेच का स्थिरावला, याचे उत्तर कदाचित या मातीतच असावे. चुनखडीमुळे जून-जुलैत कुरणांवर ऑर्किडच्या अनेक जाती फुलतात. त्यांपैकी ब्रूनकुल्ला हे गडद तांबूस, व्हॅनिलासारखा वास असलेले फूल येम्टलँडचे प्रांतपुष्प आहे. सर्व ऑर्किड संरक्षित आहेत, त्यामुळे तोडणे तर सोडाच, फोटोसाठी आजूबाजूचे गवत तुडवणेही टाळावे.

बेटावरील एंडशोन हे छोटे उथळ तळे पक्षीनिरीक्षकांसाठी आहे. मे आणि जूनच्या सुरुवातीला पहाटे जावे. पहाट म्हणजे इथे चार नव्हे, तीन. जुने जंगल पाहायचे असल्यास सरोवराच्या दक्षिण भागातील आंदेर्शोन या राखीव बेटावर गाडीने जाता येते.

स्वीडनमध्ये 'सर्वांचा हक्क' नावाची जुनी प्रथा आहे. खासगी जमिनीवरूनही चालण्याची, रानातील बेरी व अळंबी गोळा करण्याची आणि एखादी रात्र तंबू ठोकण्याची मुभा तिच्यामुळे मिळते. घराचे आवार आणि उभे पीक त्यातून वगळलेले आहे, आणि राखीव क्षेत्रांत नियम वेगळे असतात. ते प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहिलेले असतात.

पावसाचा दिवस आणि जेवण

पाऊस लागल्यास शहरातील यामत्ली संग्रहालयात जावे. वर उल्लेखलेला १८९४ चा सापळा तेथेच ठेवला आहे. शिवाय १९१० मध्ये ओव्हरहोग्डाल येथे सापडलेले, साधारण इ. स. १०४० ते ११७० या काळातील विणलेले चित्रपट तेथे मंद प्रकाशात मांडले आहेत. त्यांवरील पळणारे प्राणी आणि एक मोठे झाड पाहताना होव्हच्या बर्चची आठवण होतेच. हा प्रदेश दक्षिण सामी या येथील मूळ रहिवासी लोकांचाही आहे. त्यांच्या भाषेत ओस्टरसुंडला स्टारे म्हणतात, आणि शहरातील गाल्टिये या केंद्रात त्यांची ओळख होते.

ओस्टरसुंडला २०१० पासून युनेस्कोच्या पाककला-शहरांत स्थान आहे. मूस, रेनडिअर आणि आर्क्टिक चार हा मासा यांची ख्याती असली तरी शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. सातूच्या पिठाची पातळ भाकरीसारखी टुन्नब्रोड, शेळीच्या दुधाचे चीज, चीज करताना उरणारे दुधाचे पाणी आटवून केलेले गोडसर तपकिरी मेसमोर आणि ऑगस्टमध्ये क्लाउडबेरी, एवढ्यावर उत्तम न्याहारी होते. मुरलेल्या शेळीच्या चीजचा वास उग्र असतो, तेव्हा आधी लहान तुकडा मागावा.

हिवाळ्यात जाणार असाल तर

जानेवारी-मार्चमध्ये सरोवर गोठते आणि त्यावर स्केटिंग व स्कीसाठी मार्ग आखले जातात. घरे आणि बोटी बंद असतात, पण चर्चचे अंगण, टेकडी आणि दगड तिथेच असतात, आणि स्वच्छ रात्री कधीकधी उत्तरप्रकाशही दिसतो. मार्चचा उत्तरार्ध सर्वांत चांगला, कारण दिवस बारा तासांचा होतो आणि बर्फ अजून टिकून असतो. आखलेल्या मार्गाबाहेर बर्फावर पाऊल टाकू नये. पुलांखाली आणि चिंचोळ्या पाणवाटांत प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो, आणि वरून तो इतर ठिकाणच्या बर्फासारखाच पांढरा दिसतो.